आरसी ट्रकची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली लिहिलेलं बहुतेक सगळं ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश टू-व्हील-ड्राइव्ह ह्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, ट्रकला धरून आहे. २००८ मध्ये आलेला हा वन-टेन्थ स्केलचा (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) शॉर्ट कोर्स, म्हणजे मैदानी शर्यतीच्या धर्तीचा, ट्रक आजही भरपूर लोकांकडे आहे, पार्ट मिळतात, आणि बहुतेकांचा पहिला मोटर बदल ह्याच गाडीवर होतो. तुमच्याकडे दुसरा ट्रक असेल तरी हिशोब तोच, फक्त आकडे तुमच्या गाडीचे घ्या. चायनीज ट्रकवाल्यांसाठी एक वेगळा प्रश्न खाली आहे, तो आधी वाचा आणि मगच खरेदी करा.

ट्रक स्टॉक आहे, सगळ्यात आधी काय बदलू?

बॅटरी आणि कनेक्टर. मोटर नाही. ब्रश्ड मोटरवाल्या स्लॅशमध्ये टायटन १२ टर्न ५५० मोटर (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे, ५५० ही साईज) आणि एक्सएल-५ ईएससी (बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर) येतो, सोबत सहसा ७ सेलची निकेल बॅटरी, म्हणजे ८.४ व्होल्ट. आता २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ३एस म्हणजे तीन सेल) ७.४ व्होल्टची असते म्हणून लोकांना वाटतं की आपण व्होल्टेज कमी करतोय, पण थ्रॉटल दाबल्यावर निकेल बॅटरीचं व्होल्टेज जेवढं खाली बसतं तेवढं चांगल्या लायपोचं बसत नाही, शिवाय वजनही कमी, त्यामुळे त्याच मोटरवर ट्रक एकदम जिवंत वाटायला लागतो आणि हा जिवंतपणा बॅटरी संपत येईपर्यंत टिकतो. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं. ज्यांचं होत नाही त्यांनाही ही बॅटरी पुढे ब्रशलेसला लागणारच आहे, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

एक्सएल-५ वर ३एस चालेल का?

नाही. त्याची मर्यादा २एस. आणि २एस लावताना लो व्होल्टेज डिटेक्शन (कटऑफ) चालू आहे का ते बघा, स्विच ऑन केल्यावर एलईडी हिरवा असेल तर चालू, लाल असेल तर बंद. लाल दिव्यावर लायपो चालवली तर ईएससी तिला कुठेही थांबवणार नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातील आणि बॅटरी कायमची गेली. हे एक सेटिंग न बघितल्यामुळे नव्याकोऱ्या बॅटऱ्या फुगतात आणि मग दुकानदाराला बोल लावला जातो.

ब्रशलेसवर जायचं की चांगली ब्रश्ड मोटर घ्यायची?

तुम्ही ट्रक कसा चालवता त्यावर आहे. क्रॉलर असेल, दगडांवरून हळूहळू चढवायचा असेल, तर ब्रश्ड आजही उत्तम, ३५ टर्न, ५५ टर्नच्या मोटरी त्याच कामासाठी असतात. टर्न जास्त म्हणजे वेग कमी आणि करंटही कमी खाणार, टर्न कमी म्हणजे उलट. पण मैदानात पळवायचा, उड्या मारायच्या असं असेल तर सरळ ब्रशलेस घ्या. ब्रश्ड मोटरमध्ये कार्बनचे ब्रश कम्युटेटरवर घासत असतात, ठिणग्या पडतात, धूळ आत जाते, ब्रश झिजतात. आपल्याकडच्या धुळीत तर लवकरच झिजतात. ब्रशलेसमध्ये घासणारं असं काही नाही, दोन बेअरिंग सोडली तर झिजायला काहीच नाही, आणि तेवढ्याच बॅटरीत जास्त वेळ चालते.

टायटन काढून दुसरी जास्त वेगवान ब्रश्ड मोटर एक्सएल-५ वर लावायचा विचार असेल तर तोही सोडा. ह्या ईएससीची मर्यादाच ५५० साईजमध्ये १२ टर्न आणि ५४० साईजमध्ये १५ टर्न आहे, म्हणजे कंपनीने मोटर आधीच काठावर बसवून दिलेली आहे.

फक्त ब्रशलेस मोटर घेतली आणि जुन्या ईएससीला जोडली तर?

फिरणारच नाही. ब्रश्ड ईएससीतून मोटरसाठी दोन वायर निघतात, ब्रशलेसला तीन लागतात, आणि ब्रशलेसचा ईएससी त्या तीन वायरींमध्ये आलटून पालटून करंट सोडून मोटर फिरवतो, हे काम जुन्या ईएससीला येतच नाही. दोन्ही एकत्र बदला आणि शक्यतो कॉम्बो घ्या, स्वस्त पडतो आणि दोन्ही एकमेकांना साजेसे असतात. स्लॅशसाठी लोक सहसा ट्रॅक्ससचा स्वतःचा व्हेलिनिऑन ३५०० आणि व्हीएक्सएल-३एस घेतात किंवा हॉबीविंगचा मॅक्स१० एससीटी कॉम्बो. दोन्ही चांगले. पहिला बसवायला सोपा, दुसऱ्याची ताकद जास्त.

केव्ही म्हणजे काय आणि किती केव्हीची घेऊ?

केव्ही म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. किलोव्होल्ट नव्हे. ३५०० केव्हीची मोटर २एसवर ३५०० गुणिले ७.४ म्हणजे २५,९०० आरपीएम, ३एसवर ३८,८५० आरपीएम.

आता इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण दुकानात मोठा केव्ही म्हणजे भारी मोटर असं समजून घेतलं जातं. तसं नाहीये. त्याच साईजच्या मोटरमध्ये केव्ही वाढला की वाइंडिंगचे वेढे कमी झालेले असतात, एका अँपियरमागे मिळणारा टॉर्क कमी होतो, आणि तेवढंच वजन ओढायला मोटर जास्त करंट खाते. ४५०० केव्ही २एसवर ३३,३०० आरपीएम देते, ३००० केव्ही ३एसवर तेवढेच ३३,३०० देते, वेग सारखाच, पण दुसऱ्या जोडीला त्याच ताकदीसाठी करंट कमी लागतो. आणि करंट दुप्पट झाला तर वायर आणि वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ३एस परवडत असेल तर कमी केव्ही आणि जास्त व्होल्टेज हाच रस्ता. फक्त २एसवरच राहणार असाल तर ३५०० ते ४००० च्या आसपास थांबा, स्लॅशसारख्या दोन किलोच्या वरच्या, मोठ्या चाकांच्या ट्रकला त्याहून जास्त केव्ही २एसवर नुसती तापायला कारण.

३६५०, ३६६०, ३६७४ हे आकडे कसले?

पहिले दोन आकडे मोटरचा व्यास, नंतरचे दोन लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ३६५० म्हणजे साधारण ५४० साईज, ३६६० म्हणजे ५५० च्या जवळपास. लांब मोटरला टॉर्क जास्त, कमी तापते, पण वजनदार. घेण्याआधी फुटपट्टीने गाडीतली जागा मोजा, वायर कुठून निघणार तेही बघा.

शाफ्टचा व्यास बघायला मात्र लोक विसरतात. ह्या साईजच्या बहुतेक मोटरींना ३.१७ मिलिमीटरचा शाफ्ट असतो पण मोठ्या, चार पोलच्या (रोटरवर चार चुंबकीय ध्रुव असलेल्या) काही मोटरींना ५ मिलिमीटरचा येतो, आणि मग जुना पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) बसत नाही आणि नवा मागवून येईपर्यंत गाडी टेबलावर पडून राहते.

आणि माउंटचे स्क्रू. एम३ स्क्रू गरजेपेक्षा लांब वापरला तर तो आत जाऊन थेट वाइंडिंगला टेकतो, वरून काही दिसत नाही, पहिल्याच थ्रॉटलला शॉर्ट. नवी मोटर हातात घ्या, स्क्रू मोटरच्या भोकात हाताने किती आत जातो ते बघा, माउंटची जाडी त्यात मिळवा, त्याहून लांब स्क्रू वापरू नका.

सेन्सर्ड घेऊ का सेन्सरलेस?

सेन्सर्ड मोटरमध्ये आत हॉल सेन्सर असतात, रोटर (मोटरचा आतला फिरणारा भाग) नक्की कुठे आहे ते ईएससीला कळतं, म्हणून अगदी हळू वेगातही ट्रक गुळगुळीत निघतो. सेन्सरलेसमध्ये ईएससीला रोटर फिरायला लागल्याशिवाय अंदाज येत नाही त्यामुळे सुरुवातीला थोडा अडखळतो, त्याला कॉगिंग म्हणतात. मैदानात पळवायच्या ट्रकला सेन्सरलेस पुरे, स्वस्त, आणि पाणी-चिखलात कमी नाजूक. क्रॉलरला किंवा ट्रॅकवर रेस करणाऱ्याला सेन्सर्ड घ्या.

ईएससी किती अँपियरचा?

मोटर जेवढा करंट ओढू शकते त्यापेक्षा जास्तीचा. वन-टेन्थ शॉर्ट कोर्सला १२० अँपियरच्या जवळचा घेतला की डोक्याला ताप नाही. अँपियर मोठा असला म्हणून ईएससी तेवढा करंट मोटरमध्ये ढकलत नाही, मोटर तिला हवा तेवढाच ओढते, त्यामुळे मोठा ईएससी घेतल्याने काही जळत नाही, छोटा घेतल्याने जळतं. किती एसपर्यंत चालतो ते पण बघा.

पिनियन बदलावाच लागतो का?

बदलावा लागतो असं नाही, पण तपासावा लागतोच, आणि माझ्या मते अख्ख्या अपग्रेडमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मोटर जळाली, ईएससी जळाला, बॅटरी फुगली अशी जी बोंब असते त्यातल्या बऱ्याच वेळा मूळ कारण गिअरिंगच निघतं.

हिशोब असा. मोटरवरचा छोटा गिअर पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर. स्पर भागिले पिनियन, गुणिले गिअरबॉक्सचा आतला रेशो, म्हणजे फायनल ड्राइव्ह रेशो. स्लॅश टू-व्हील-ड्राइव्हचा आतला रेशो २.७२. स्पर ८६ दातांचा आणि पिनियन १९ दातांचा असेल तर ८६ भागिले १९ गुणिले २.७२, आले साधारण १२.३. म्हणजे मोटर बारा वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरणार. वरच्या २५,९०० आरपीएमला १२.३ ने भागा, चाकाचे मिनिटाला साधारण २१०० फेरे, चाक जवळजवळ ११ सेंटिमीटर व्यासाचं म्हणजे एका फेऱ्यात ३४ सेंटिमीटर, सगळं मिळून ताशी ४३ किलोमीटर. ३एस लावली तर तोच आकडा ६५ च्या आसपास जातो, पिनियनला हात न लावता. हा कागदावरचा आकडा आहे, प्रत्यक्षात कमी भरेल, पण दोन गिअरिंगची तुलना करायला अगदी उपयोगी.

पिनियन मोठा केला की टॉप स्पीड वाढतो पण मोटरवरचा लोड पण वाढतो, आणि मोटर तिच्या आरामाच्या आरपीएमपर्यंत पोचायच्या ऐवजी खालीच धडपडत बसते, करंट खाते, तापते. म्हणून २एसवरून ३एसवर जाताना पिनियन छोटा करायचा, मोठा नाही. वेग व्होल्टेजने मिळालेलाच असतो. आणि मोठे टायर लावले असतील तर तेही पिनियन मोठा केल्यासारखंच आहे, ते कोणी धरत नाही हिशोबात. छोट्या पिनियनपासून सुरू करा, पाच मिनिटं चालवा, तापमान बघा, आणि जागा असेल तर एकेक दात वाढवत जा. दोन-तीन वेगवेगळ्या दातांचे पिनियन मोटरसोबतच मागवून ठेवा, फार महाग नसतात.

घेताना पिच, म्हणजे दात किती बारीक आहेत ते, बघा. ४८ पिच आणि ३२ पिच हे एकमेकांवर चालत नाहीत. ३२ पिच आणि मॉड ०.८ (मॉड हे दातांचंच मेट्रिक माप) जवळजवळ सारखे म्हणून चालून जातात, पण ४८ पिचला मॉड ०.५ किंवा ०.६ लावू नका, थोड्याच वेळात स्परच्या दातांचा भुगा होतो.

गिअर मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते) कसा सेट करायचा?

वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी कापा. पिनियन आणि स्परच्या मध्ये ती घालून फिरवा, मोटर स्परवर दाबून धरा, स्क्रू घट्ट करा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे नीट उमटलेले पाहिजेत पण कागद फाटलेला नको. नंतर बोटाने स्पर मागेपुढे हलवून बघा, अगदी किंचित खट्-खट् जाणवली पाहिजे. स्परच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी हे तपासा कारण प्लास्टिकचा स्पर अगदी गोल नसतो. मेश फार घट्ट असेल तर बेअरिंग आणि मोटर तापते, फार सैल असेल तर दात उडतात.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसवायचा आणि त्याला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं. लाल लावू नका, नंतर निघत नाही.

किती तापलं म्हणजे जास्त तापलं?

मोटरच्या बाहेरच्या कव्हरवर ८० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक, ९० च्या पुढे गेली की थांबा. रोटरवर निओडिमियम मॅग्नेट असतात आणि साध्या ग्रेडचे मॅग्नेट ८० च्या पुढेच कमजोर व्हायला लागतात, आणि एकदा कमजोर झाले की थंड झाल्यावर परत तसे होत नाहीत. मग मोटर फिरते पण जास्त करंट खाते, अजून तापते. इन्फ्रारेड टेम्परेचर गन घ्या, ह्या छंदातली सगळ्यात कामाची वस्तू आहे ती. हात लावून अंदाज घेऊ नका, ६० अंशालाच चटका बसतो, त्यामुळे बोटाला ६० आणि १०० मधला फरक कळत नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून गिअरिंग ठरवू नका हे मी कळकळीने सांगतो. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, म्हणजे मोटर सुरुवातच तिथून करते. तिथे २० अंशात जो सेटअप आरामात चालतो तो इथे दुपारी जळेल. उन्हाळ्यात एक-दोन दात कमी, मोटरला हीट सिंक आणि फॅन, आणि दुपारऐवजी संध्याकाळी.

जमीनही बघा. उंच गवतात चालवणं म्हणजे मोटरसाठी सतत चढावर असल्यासारखं. आणि ओली काळी माती तर त्याहून वाईट, ती टायरला थरावर थर चिकटत जाते, चाकं बघता बघता दुप्पट जड होतात, व्यासही वाढतो, आणि दोन मिनिटांत ईएससी थर्मल शटडाउनला जातो. मराठवाडा-विदर्भातल्या मित्रांनो, पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर गाडी न्यायची फार इच्छा होते, पण थोडं वाळू द्या.

लायपो घेताना काय बघू? धोकादायक असते म्हणतात.

नीट वापरली तर नाही, निष्काळजीपणा केला तर आहेच. ट्रकसाठी हार्ड केसवाली घ्या. ५००० एमएएच आणि खरी ५०सी (सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट तो आकडा) असेल तर कागदावर २५० अँपियर देऊ शकते, पण स्वस्त ब्रँडवर छापलेल्या सी रेटिंगवर फार विश्वास ठेवू नका, त्याच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांमधली जी वजनदार ती बहुतेक वेळा बरी.

चार्जिंग बॅलन्स चार्जरवरच (तो सगळे सेल सारखे भरतो), १सी ने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपियर. सेल ४.२ व्होल्टला फुल. चार्जिंगला लावून झोपायला किंवा बाहेर जायचं नाही. आठवडाभर चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा, चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो. उन्हात उभ्या असलेल्या कारच्या डिकीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी "अजून चालतेय ना" म्हणत वापरू नका. घरात लहान मुलं असतील तर हे सगळं दुप्पट काळजीने.

कनेक्टर आणि सोल्डरिंग?

पांढरा टॅमिया कनेक्टर असेल तर काढून टाका, ब्रशलेसच्या करंटला तो वितळतो. एक्सटी६०, डीन्स, ईसी५, ट्रॅक्ससचा स्वतःचा, कुठलाही एक ठरवा आणि सगळ्या बॅटऱ्यांना तोच ठेवा. ३एसवर जोरदार चालवणार असाल तर एक्सटी९० किंवा ईसी५. अॅडॉप्टर लावून दिवस काढू नका, प्रत्येक जोड म्हणजे जास्तीचा रेझिस्टन्स.

इलेक्ट्रिकच्या दुकानात जो २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न मिळतो तो ह्या कामाला पुरत नाही. १२ गेजची जाड वायर उष्णता ओढून घेते, टोक थंड पडतं, आणि वरून चमकणारा पण आत न धरलेला जोड तयार होतो. ६० वॉटच्या वरचा, रुंद टोकाचा घ्या. आधी वायरला सोल्डर पाजा, मग कनेक्टरच्या कपाला, मग दोन्ही एकत्र गरम करून जोडा. एक्सटी६० सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर त्यात घालून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात. हीट श्रिंक ट्यूब वायरमध्ये आधी सरकवायची. बॅटरीच्या दोन्ही वायर एकाच वेळी कापायच्या नाहीत, कात्रीतूनच शॉर्ट होतं. आणि प्लग लावण्याआधी लाल-काळी दोनदा तपासा, उलटी लागली तर ईएससी तिथल्या तिथे संपतो, वॉरंटीही मिळत नाही.

३एस लावताना प्लगमध्ये टिक् करून छोटी ठिणगी दिसली तर घाबरू नका, ईएससीचे कपॅसिटर भरत असतात. बॅटरीची वायर मात्र उगाच लांब करू नका, त्या कपॅसिटरवर ताण येतो.

नवा सर्व्हो (स्टीअरिंग वळवणारी मोटर) लावल्यापासून ट्रक मध्येच बंद पडतो, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो.

ब्राउनआउट. रिसीव्हर आणि सर्व्होला करंट ईएससीच्या आतल्या बीईसीमधून (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) मिळतो आणि २० किलोवाला डिजिटल सर्व्हो जोर लावताना दोन-तीन अँपियर सहज मागतो. बीईसी छोटा असेल तर व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर रीसेट होतो. उपाय म्हणजे रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमध्ये कपॅसिटर लावणं, त्याने छोटे झटके निघून जातात, किंवा वेगळा बाहेरचा बीईसी बसवणं, तो पक्का इलाज. वेगळा बीईसी लावलात तर ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगमधली मधली लाल वायर काढून तिच्यावर टेप गुंडाळा.

स्लॅशमध्ये सर्व्हो बदललात तरी सर्व्हो सेव्हरची (चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारा भाग) स्प्रिंग मऊच राहते हेही बघा, मग ताकदवान सर्व्होचा अर्धा फायदा तिथेच जातो. सर्व्हो हॉर्न (सर्व्होवर बसणारी दांडी) घेताना दातांची संख्या जुळवा, सान्वा-केओला २३, हायटेकला २४, फुटाबा-सॅव्हॉक्सला २५.

माझा चायनीज ट्रक आहे, रिसीव्हर आणि ईएससी एकाच डबीत आहे. काय करू?

डब्ल्यूएलटॉईजच्या १२४२८ सारख्या ट्रकमध्ये असं असतं. एकाच बोर्डवर रिसीव्हर, ईएससी आणि सर्व्हो चालवणारं सर्किट. सर्व्होच्या वायर मोजा, पाच असतील तर त्या सर्व्होत फक्त मोटर आणि पोटेन्शिओमीटर (स्टीअरिंग किती वळलंय ते सांगणारा भाग) आहे, डोकं त्या डबीत आहे. म्हणजे तुम्ही ब्रशलेस कॉम्बो आणलात की डबी जाणार, डबी गेली की सर्व्हो निकामी, रिसीव्हर गेला की रिमोटही निकामी. म्हणून बजेट धरताना मोटर, ईएससी, तीन वायरचा सर्व्हो, रिसीव्हर आणि रिमोट असा सगळ्यांचा एकत्र धरा. सगळं मिळून आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. मला विचाराल तर अशा गाडीत आधी बेअरिंग आणि मेटलचे डिफ (डिफरन्शियल) गिअर टाका, स्टॉक मोटरवर मजा घ्या, आणि पैसे पुढच्या ट्रकसाठी साठवा.

दुसऱ्या कंपनीचा रिमोट ह्या रिसीव्हरला बाइंड होईल (जोडला जाईल) का, हाही प्रश्न नेहमी येतो. दोन्ही २.४ गीगाहर्ट्झ असले तरी प्रत्येक कंपनीचा प्रोटोकॉल वेगळा, त्यामुळे बहुतेक वेळा नाही.

सगळं जोडलं, आता पहिल्यांदा चालू करताना काय क्रम?

गाडी स्टँडवर, चाकं हवेत. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट. मग कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला तुमच्या रिमोटचा न्यूट्रल, फुल थ्रॉटल आणि फुल ब्रेक शिकवणं. बहुतेक हॉबीविंगमध्ये सेट बटण दाबून धरून स्विच ऑन करायचं, आणि मग तिन्ही जागी ट्रिगर ठेवून एकेकदा बटण दाबायचं. पण मॅन्युअल उघडा, प्रत्येक मॉडेलचं थोडं वेगळं असतं.

चाकं उलटी फिरली तर सेन्सरलेसमध्ये तीनपैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल करा. सेन्सर्डमध्ये असं अजिबात करायचं नाही, तिथे ए, बी, सी त्याच क्रमाने लागले पाहिजेत, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

बॅटरी लायपो आणि कटऑफ सेलला ३.२ च्या आसपास हे सेटिंग त्याच वेळी बघून घ्या. पंच (थ्रॉटल दिल्यावर सुटतानाचा जोर) सुरुवातीला कमी ठेवा. रिमोट बंद करून फेलसेफ तपासा, मोटर थांबलीच पाहिजे. आणि स्टँडवर फुल थ्रॉटल देत बसू नका, टायर फुगतात आणि रिमवरून फाटून निघू शकतात.

आता ट्रक अडखळतो, निघताना खर्र खर्र आवाज करतो.

सगळ्यात आधी मोटरच्या तीन बुलेट कनेक्टरकडे बघा, एक जरी सैल असला तरी हेच होतं. मग बॅटरी, कमी सीची बॅटरी लोड घेत नाही. मग गिअरिंग जास्त तर नाही. सेन्सर्ड असेल तर सेन्सरची वायर. ह्या चौघांत उत्तर नाही मिळालं तर मगच ईएससीवर संशय घ्या. आवाज गिअरबॉक्समधून येत असेल तर तो विषय वेगळा, स्पर काढून दात बघा.

ब्रशलेस केल्यावर काय काय तुटेल?

स्लॅशमध्ये पहिला बळी बहुतेक मागच्या प्लास्टिकच्या ड्राइव्हशाफ्टचा, पिळवटून जातो. नंतर स्पर. नंतर गिअरबॉक्समधले प्लास्टिकचे गिअर. पण सगळं स्टीलचं करून टाका असं मी म्हणणार नाही, कारण ताकद कुठेतरी सुटलीच पाहिजे, आणि ते काम स्लिपर क्लचचं आहे. स्लिपर आवळून टाकला की प्रत्येक उडीनंतर चाक जमिनीला टेकताना बसणारा झटका थेट दातांवर येतो. नट पूर्ण आवळून मग अर्धा ते एक फेरा सैल, हा सुरुवातीचा अंदाज, आणि निघताना क्षणभर घसरल्याचा बारीक आवाज आला पाहिजे. स्टीलचे शाफ्ट तुटल्यावर घ्या.

पुढची चाकं उचलायला लागतील, मागे व्हीली बार लावा. वळताना उलटेल, कारण स्टॉक स्लॅश उंच आहे.

पावसात चालवू का? आणि बीचवर?

वॉटरप्रूफ ईएससी असेल तर पावसात चालवा, पण रिसीव्हर बॉक्सच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा आणि ईएससीवरचा फॅन वॉटरप्रूफ नसतो हे लक्षात ठेवा. लायपो पावसात वापरायची तर कटऑफ चालूच पाहिजे, कनेक्टर कोरडे पाहिजेत. घरी आल्यावर मोटर काढून बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब. हे टाळलं की पुढच्या वेळी मोटर किंचाळते.

बीचवर कोरड्या वाळूपर्यंत ठीक, खाऱ्या पाण्यात नको. अलिबाग असो की गोवा, मीठ बेअरिंग आणि सोल्डरचे जोड दोन्ही खातं आणि ते गाडी धुतल्यावरही थांबत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीसाठी मोटरच्या मागच्या बेअरिंगजवळ ब्रश फिरवत जा, पण कंप्रेसरची हवा थेट बेअरिंगवर मारू नका, धूळ आत जाते.

मुलाला चालवायला द्यायचा आहे, ब्रशलेस जास्त होईल का?

सुरुवातीला हो. एक्सएल-५ आणि व्हीएक्सएल-३एस मध्ये ट्रेनिंग मोड आहे, ताकद निम्मी होते, तो लावून द्या. दुसऱ्या ईएससीवर रिमोटमधून थ्रॉटल मर्यादित करता येतो. ६० च्या वेगाने येणारा दोन किलोचा ट्रक पायावर आपटला तर हाड मोडू शकतं, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रस्त्यावर, कुत्र्यांच्या मागे अजिबात नाही. मोकळं मैदान, बघणारे सगळे चालवणाऱ्याच्या मागे उभे, पुढे कोणी नाही.

जुनी टायटन आणि एक्सएल-५ विकू का?

ठेवा. नवा ईएससी वॉरंटीला गेला की महिना-महिना परत येत नाही, तेवढ्यात हीच जोडी लावून गाडी चालू राहते. मोटर कपड्यात गुंडाळून कोरड्या डब्यात, पिनियन तिच्यावरच राहू द्या, आणि डब्यावर दातांचा आकडा लिहून ठेवा.